एसीचा सा

आमच्या घरात तंबोरा नव्हता. म्हणजे होता, पण पुण्याहून दुबईला येताना वाटेत त्याचा भोपळा फुटला, आणि खोकं उघडल्यावर आई जी गप्प झाली ती झोपेपर्यंत कुणाशी बोलली नाही, असं बाबा सांगायचे. मी तेव्हा कडेवरची. तंबोऱ्याच्या जागी आम्हाला मिळाला तो अल मनखूलच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधला, खिडकीत बसवलेला म्हातारा एसी. आता गंमत बघा, बाबा एका बांधकाम कंपनीत एसीचेच इंजिनीअर. नव्यानव्या टॉवरांना गार हवा पोचवणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरचा एसी असा की तो सुरू झाला की शेजारचे कुरियनअंकल टीव्हीचा आवाज वाढवत. आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, दर उन्हाळ्यात म्हणायचा, "साब, बदलवा लो, मालिक नया देगा." बाबा एका पायावर तयार. आई ऐकायची नाही.

कारण त्या एसीच्या घूंमध्ये तिला सा सापडला होता. पुण्यात ती लग्नाआधी कितीतरी वर्षं व्हायोलिन शिकलेली, सूर धरायला तिला काहीतरी अखंड वाजणारं लागायचं, आणि दुबईत एसीइतकं अखंड दुसरं काय वाजतं? "तंबोऱ्याची तार उतरते, हा मेला उतरत नाही," ती म्हणायची. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले, चहा झाला, की टीव्ही बंद, स्वयंपाकघरातला पंखा बंद, आणि सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. याला बाबा "एसीला नमस्कार" म्हणत. आई डोळे मिटून ऐकायची आणि व्हायोलिन लावायची. मग व्हायोलिनवरून बाबांचं मेंडोलिन, मग निनादची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गिटार. हात ती कुणाच्याच वाद्याला लावायची नाही. नुसतं बोट वर गेलं की चढवायचं, खाली आलं की उतरवायचं, आणि जमलं की "हं". बाकी जगात लोक थंडीत एसी बंद करतात. आमच्याकडे डिसेंबरातही तो सुरू असायचा आणि आम्ही चौघं शाली गुंडाळून वाजवत बसायचो. आज माझ्या घरात भिंतीवरचे नवे एसी आहेत. चालू आहेत की बंद, ते त्यांच्या दिव्याकडे बघून कळतं. मला नाही ते आवडत.

माझ्याबद्दल सांगायचं तर मीही व्हायोलिनच शिकत होते, आणि ते माझ्या हातात नुसतं रडायचं. आई जन्मजात शिक्षिका, त्यामुळे ती रागवायची नाही, पण तिच्या कपाळावर एक आठी यायची आणि ती आठी मला रागवण्यापेक्षा जास्त लागायची. बाबांची गोष्ट उलटी. हा माणूस मेंडोलिन असं वाजवायचा की खालच्या कॅफेटेरियातला पोरगा करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा द्यायला वर आला की दाराशीच टेकून उभा राहायचा. पण बाबांना स्वतःचं वाद्य लावता मात्र यायचं नाही. कधीच नाही. मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडी जुळवताना त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा. शेवटी मेंडोलिन आईपुढे धरायचे आणि म्हणायचे, "बाईसाहेब, बघा जरा." आई बोट वर करायची. हे रोजचं.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून सकाळी मोठी बैठक. त्या दिवशी थालीपीठं ठरलेली, भाजणी पुण्याहून आलेली, लोणी मात्र इथलं, आणि उरलेल्या ठेच्याबरोबर कोपऱ्यावरच्या इराणी तंदूरमधला गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी. त्या वासावर आमच्याकडे डेलअंकल आले. ते बाबांच्या साइटवरचे मॅनेजर, अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखातले, उंच, उन्हाने कायम लाल. बाबांनी त्यांना जेवायला म्हणून बोलावलं आणि त्यांनी गाडीतून बँजो काढला. थालीपीठ हाताने खाल्लं, बोटं चाटली, एसी ऐकला, आणि एक अक्षर न विचारता बँजो त्या सुरात लावायला घेतला. लावता लावता हसले. म्हणाले, "तुमचा हा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो." हे वाक्य बाबांना इतकं आवडलं की पुढे वर्षभर ते येईल त्याला सांगत सुटले. आमचा सा पियानोतसुद्धा मिळत नाही, म्हणे! आम्हाला ती शाबासकी वाटली. ती वॉर्निंग होती हे कळायला भर सभागृहात तोंडावर पडावं लागलं.

डेलअंकलनीच आम्हाला सांगितलं की आम्ही जे करतो त्याला त्यांच्याकडे नाव आहे: घरचा तारांचा बँड. त्यांच्या आजोबांचा होता. आजोबा व्हायोलिन, आजी गिटार, आत्या मेंडोलिन आणि मधले काका बँजो. पुढे ज्याला जग कंट्री म्युझिक म्हणायला लागलं ते तेव्हा अशाच घरांच्या ओसरीवर वाजत होतं, त्याला कुणी बारसं करून नाव दिलेलं नव्हतं. शेतातलं काम आटपलं की जेवणाआधी वाजवायचं. मग गावच्या शाळेत, कोर्टाच्या पायऱ्यांवर, आणि रेडिओ आल्यावर एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर. मग त्यांच्याकडे मोठी मंदी आली. तिकिटाला लोकांकडे पैसे नाहीत. "तेव्हा आजी म्हणाली, अंडी आणा," डेलअंकल सांगायचे. लोक अंडी, बटाटे, एखादी कोंबडी दारात ठेवायचे आणि आत येऊन बसायचे. बँड बंद करू, असं आजोबा एकदा बोलले, तर आजी म्हणाली, मग संध्याकाळी घरात बसून करायचं काय? आईला ही आजी भारी पटली. ती गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. डेलअंकलच्या आजीची पाळण्याची एक चाल होती, ती ऐकून आई म्हणाली, "अहो, हा तर सरळ सरळ भूप आहे," आणि व्हायोलिन उचलून त्या चालीत अशी शिरली की डेलअंकल वाजवायचं थांबून बघत बसले. बँजो त्यांनी मला शिकवला. त्याने माझी आणि आईची, दोघींची सुटका झाली. बँजो रडत नाही, टणटण बोलतो, आणि माझा स्वभावही तोच.

मग ती मंदी आमच्याकडे आली. कशी आली ते मोठे लोक सांगतील, मला दिसल्या त्या क्रेन. शाळेच्या बसमधून रोज फिरताना दिसणाऱ्या क्रेन एका जागी उभ्या राहिल्या आणि राहिल्याच. वर्गातली मुलं आठवड्याच्या मधेच शाळा सोडून जायला लागली. डेलअंकलचं प्रोजेक्ट सगळ्यात आधी बंद पडलं. निरोपाला आले तेव्हा बँजो बरोबर होता. आईने त्यांना तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोष्ट सांगितलेली होती. ते म्हणाले, "विमानात नको. ह्याला एसीजवळ राहू दे," आणि बँजो माझ्या मांडीवर ठेवला. मी रडले. निनादही रडला, पण त्याला विचाराल तर तो आजही नाही म्हणेल.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दोन शब्द सारखे कानावर यायचे, "फॅमिली पाठवली". चौथ्या मजल्यावरच्यांनी पाठवली, समोरच्यांनी पाठवली. बायकामुलं गावी आणि नवरा इथे कुठेतरी कॉट भाड्याने घेऊन. बाबांच्या हातात नोटीस पडली तेव्हा जेवायला वरण-भात आणि भेंडीची भाजी होती. बाबांनी भात कालवला, पुन्हा कालवला, आणि खाली बघूनच म्हणाले, "पाडव्यानंतर माझी नोकरी नाही. म्हणजे व्हिसा नाही, म्हणजे तुमचेही नाहीत. परीक्षा झाल्या की तुम्ही तिघं पुण्याला जा. मी व्हिजिट व्हिसावर राहून बघतो काही मिळतं का. शारजाला रोल्लात एकाकडे बेडस्पेस आहे, एक कॉट. दिवस बदलले की बोलावून घेतो."

"बाबा, दॅट मीन्स नेव्हर," निनाद म्हणाला.

आईने बाबांच्या पानात भाजी वाढली. "आणि रोल्लात मेंडोलिन कोण लावून देणार तुम्हाला?"

"मी लावेन."

"तुम्हाला येत नाही."

मला इतका राग आला होता, बाबांचा नाही, त्या क्रेनांचा, की मी ताट तसंच सोडून बँजो घेऊन बसले आणि कुणीही मला जेवायला परत बोलावलं नाही. आई दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. तिच्याकडे बी.एड. होतं, संगीत विशारद होतं. दुपारभर एकेका शाळेच्या गेटवर जाऊन सीव्ही देऊन यायची. सगळीकडे गोड बोलायचे, "वी विल कीप इट ऑन फाइल, मॅडम." आई घरी येऊन पर्स टाकायची आणि म्हणायची, "फायलीत गेले मी."

पाडव्याला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असायचा, एका शाळेच्या मोठ्या सभागृहात. तोवर आम्ही घरात, नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला वाजवलेलं, तेही आमचे आम्हीच. या वेळी मंडळाने म्हटलं, तुमची फॅमिली चाललीच आहे, तर त्याआधी चौघं एकदा स्टेजवर या. मंडळातल्या बायका समूहगीतं म्हणतील, साथ तुमची, आणि पेटीवर सबनीसकाका. सबनीसकाका राहायचे अबू धाबीकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत. त्यांची पेटी म्हणजे त्यांचा जीव. ती काही ते तालमीसाठी उठून आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणणार नव्हते. "मला सगळी गाणी पाठ आहेत, वहिनी. पांढरी पाचमध्ये धरतो, थेट कार्यक्रमालाच भेटू," असं त्यांनी फोनवर सांगितलं. आईनेही आपलं मानूनच घेतलं की आपला सा पांढरी पाच. पाच की चार, तपासायला घरात पेटीच नव्हती. बायका आमच्याकडे यायच्या, साबुदाणा वडे खायच्या, एसीला नमस्कार करायच्या आणि गायच्या. सुरेख गायच्या. सगळ्याच्या सगळ्या एसीच्या सुरात.

कार्यक्रमाच्या दिवशी सबनीसकाका शेख झायद रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचले तेव्हा पाहुण्यांची भाषणं संपत आली होती आणि सभागृह वेळेत रिकामं करायचं होतं, त्यामुळे मंडळाचे सेक्रेटरी "यल्ला, यल्ला" करत सगळ्यांना स्टेजवर ढकलत होते. पडदा उघडला. पहिल्या रांगेत पाहुणे आणि शाळेच्या प्रिन्सिपल, मिसेस फर्नांडिस. बाबा नव्या झब्ब्यात, निनादने केस चपटे बसवलेले, आईची मोरपंखी पैठणी. काकांनी भाता ओढला, आम्ही तारा छेडल्या, बायकांनी तोंड उघडलं.

देवा. बेसूर एकवेळ परवडतो, माणूस चुकला म्हणून सोडून देता येतं. हे तसं नव्हतं. आम्ही सगळे अगदी नीट होतो आणि पेटीही अगदी नीट होती, पण दोघांच्या मधे बारीकशी फट होती, आणि त्या फटीतून जे बाहेर येत होतं त्याने मागच्या रांगेतलं एक लहान पोर चक्क रडायला लागलं. बायका बावरून अर्ध्या पेटीकडे वळल्या, अर्ध्या आमच्याकडे राहिल्या. सबनीसकाका मान वर करून बाबांकडे असे बघत होते की जणू आम्ही त्यांच्या पेटीवर चहा सांडला. बाबांचा चेहरा पांढरा. आमचा शेवटचा कार्यक्रम, आणि लोक पुढे वर्षानुवर्षं आठवणार ते हे, असं माझ्या मनात आलं.

आईने गज खाली घेतला. भर गाण्यात. मंडळाच्या स्टेजवर असं कुणी थांबलं नव्हतं. तिथे माइक बंद पडो, नाहीतर तबला फुटो, गाणं पुरं करायचंच असा रिवाज होता. ती माइकपाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "थांबूया. सबनीसभाऊंची पेटी बरोबर आहे. चूक आमची आहे. आमच्याकडे सा एसीवरून लावतात, आणि आमच्या एसीचं नि पेटीचं काही जमत नाहीये." सभागृहात हसू फुटलं, आणि ते हसणं वाईट नव्हतं. "पेटी तर काही हलायची नाही," आई पुढे म्हणाली, "तर आम्ही येतो तिच्याकडे. पण आम्हाला तंबोरा लागतो. तो तुम्ही व्हा. भाऊ, सा द्या. आणि सगळ्यांनी तो धरून ठेवा, सोडायचा नाही."

काकांनी सा दिला. आधी पुढच्या काही बायकांनी धरला, मग पुरुषांनी, मग मागच्या कॉलेजच्या पोरांनी, जी टिंगल करायलाच आली होती. आईने हात वर केला तसा आवाज वाढला, खाली आणला तसा कमी झाला, आणि जे मधेच घसरत होते त्यांच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "डावीकडची रांग, वर या." डावीकडची रांग वर आली. सगळं सभागृह एका सुरात गुणगुणत होतं आणि त्या गुणगुणीवर तिने आधी व्हायोलिन लावलं, मग आमच्याकडे वळली. बाबांपुढे बोट खाली. अजून खाली. पुन्हा जरासं वर. हं. पुढची जोडी. बाबा तिच्या बोटाकडे बघत खुंट्या फिरवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी जवळून बघितलं. निनाद. हं. मी. बँजोची एक तार हट्टाला पेटली, तिलाही आईने नुसत्या बोटाने वठणीवर आणलं. शेवटी बायकांकडे वळून म्हणाली, "आता पेटीचं ऐका, घर विसरा." आणि मान हलवली.

आम्ही काय वाजवलं म्हणून सांगू. तारा आणि पेटी एकमेकांत अशा मिसळल्या की सबनीसकाकांनी डोळे मिटले, ते गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. सगळी समूहगीतं झाली, आणि लोक उठेनात, तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं आणि मी डेलअंकलच्या आजीची चाल सुरू केली. बँजोवर डोंगरातली, आईच्या व्हायोलिनवर भूपातली, आणि मधे बाबांचं मेंडोलिन पळतंय नुसतं. ज्या सभागृहाने आमच्यासाठी सा धरला होता ते आता टाळ्यांनी ताल देत होतं. सेक्रेटरी घड्याळ दाखवत विंगेत नाचत होते आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मी पुढे पुष्कळ स्टेजं केली, पण एवढी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

विंगेत मिसेस फर्नांडिस आल्या. गोव्याच्या, जाड चष्म्याच्या, बोलणं थेट. "आमचा म्युझिक टीचर डिसेंबरात फॅमिली घेऊन गेला तो गेलाच. माझी मॉर्निंग असेंब्ली तुम्ही ऐकली नाही ते तुमचं नशीब. आज ही अनोळखी माणसं, त्यातली निम्मी हसायला आलेली, तुम्ही एका सुरात आणलीत. माझी मुलं येतील का अशी?"

"मुलं लवकर येतात," आई म्हणाली. "मोठ्यांचाच त्रास."

"मग संडेला या. सर्टिफिकेट्स घेऊन."

परतताना गाडीत, सत्व्याच्या सिग्नलला, बाबा एकदम स्टिअरिंगवर हात मारून म्हणाले, "पन्नास! अगं, इथली वीज पन्नास सायकलची. मोटर त्याच्या दुपटीत गुणगुणते, शंभर. तो सूर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे येतो. डेल म्हणाला होता तीच फट." आयुष्यभर एसी बसवले आणि हे मला सुचलं नाही, असं स्वतःलाच दोनदा म्हणाले. आई खिडकीबाहेर उजळलेल्या बिल्डिंगींकडे बघत होती. "वीज सगळीकडे तीच ना?" तिने विचारलं. "म्हणजे अख्ख्या दुबईचा सा एकच आहे."

पुढचे सगळे सोपस्कार, शिक्के मारून आणलेली सर्टिफिकेटं, टायपिंग सेंटरच्या रांगा, हे सांगत नाही, त्यात मजा नाही. पण ज्या संध्याकाळी पासपोर्ट परत आले ती सांगते. आईला शाळेचा व्हिसा, आणि आम्हा तिघांचे व्हिसा आईच्या नावावर. बाबांच्या पासपोर्टवर स्पॉन्सर म्हणून बायकोचं नाव आणि खाली छापलेलं की यांना काम करायची परवानगी नाही. दुसरा कुणी असता तर त्याने तो पासपोर्ट कपाटात दडवला असता. आमच्या बाबांनी तो आधी नातूरला दाखवला, मग कुरियनअंकलना, मग करक चहा घेऊन आलेल्या पोराला. "परवानगीच नाही, हबीबी. खलास. आता फक्त मेंडोलिन." त्यांना पुढे वर्षभराने नोकरी मिळाली, चांगली मिळाली, पण ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात सुंदर वर्ष होतं, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. बाबा भेंडीची भाजी करायला शिकले. आईची असेंब्ली ऐकायला पालक गेटवर थांबायला लागले. रोल्लातली ती कॉट दुसऱ्या कुणाला गेली.

त्या संध्याकाळी निनाद म्हणाला, "आई, लेट्स बाय अ प्रॉपर ट्यूनर नाऊ," आणि बाबाही त्याला दुजोरा द्यायला लागले. आई उठली, टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. मग तिने हॉलचं मागचं दार उघडलं. ते डक्टवरच्या, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या मोकळ्या चौकावरच्या, हातभर बाल्कनीत उघडायचं, जिथे खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांचे एसी पाठमोरे लागलेले होते, कुरियनअंकलचा, खालच्या पठाणांचा, चौथ्या मजल्यावर नव्याने आलेल्या कुणाचा. गरम हवा आत आली आणि तिच्याबरोबर तो आवाज, सगळ्यांचा मिळून एकच.

"ऐका," आई म्हणाली. "सगळे लावून बसलेत. आपणच राहिलोय."

बाबांनी मेंडोलिन उचललं आणि तिच्यापुढे धरलं.